कमळांचा कठडा

इंदुकाकू आषाढात पायऱ्यांवरून घसरल्या आणि पायऱ्यांना कठडा भाद्रपदात लागला. मधला काळ बेहेऱ्यांच्या घरानं विचार करण्यात घालवला. विचार करण्यात हे घर पूर्वीपासून पटाईत. अण्णांनी अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवरच्या कातळावर घर बांधायला काढलं, तेव्हा विहीर कुठं खणावी यावर भावाभावांत इतका खल झाला की घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या, तरी पाणी खालच्या वाटेवरूनच आणावं लागत होतं. त्या वाटेवर उतरायला अण्णांनी काळ्या दगडाच्या पायऱ्या घातल्या. दगड अस्सल, कुठं चीर नाही. फक्त एकही पायरी शेजारच्या पायरीशी जुळत नव्हती. त्या बाबतीत पायऱ्या घरच्या माणसांवर गेल्या होत्या.

आता अण्णा नव्हते. घराचा कर्ता त्यांचा थोरला मुलगा शरदचंद्र. कारखान्यात अधिकारी, घरीसुद्धा तो बोलायचा ते समोरच्यानं टिपून घ्यावं अशा बेतानं. काकू घसरल्या त्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं की कठडा लागेपर्यंत त्यांनी पायऱ्यांवर पाऊल टाकायचं नाही. त्या बोलण्यात काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पण काकूंचा तांब्या गडगडत थेट वाटेवर गेला होता आणि तो उचलून द्यायला कारखान्यातला हेडक्लार्क वर आला होता, हेही त्याला विसरता येत नव्हतं.

इंदुकाकू म्हणजे अण्णांच्या मधल्या भावाची बायको. नवरा ऐन उमेदीत गेला, पदरी मूल नाही. त्या या घरात उभ्या होत्या त्या दोन गोष्टींवर. पहाटे आंघोळ करून सोवळ्याची लोकरी धाबळी नेसायची, तांब्या भरून पायऱ्या उतरायच्या आणि अंबरेश्वराला पाणी घालून यायचं, ही एक. त्याच सोवळ्यात परतून चुलीपुढे बसायचं आणि घरच्या देवाचा, सणावाराचा, पितरांचा आणि रोजचा सगळा स्वयंपाक करायचा, ही दुसरी. पहिली गोष्ट त्यांची स्वतःची होती. दुसरी घराची. घराला दुसरी तेवढी ठाऊक होती.

पाण्याचं व्रत त्यांनी नवऱ्याच्या आजारपणात धरलं होतं. नवरा गेला, व्रत राहिलं. आता कशासाठी, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "तेव्हा मागायचं होतं म्हणून जात होते. आता मागायचं काही नाही म्हणून जाते."

बंदी झाल्यापासून त्यांचा तांब्या धाकट्या दिरांकडे, विष्णुपंतांकडे सोपवला होता. विष्णुपंत विधुर, नोकरीतून निवृत्त, पोथ्यांचं वाचन दांडगं. सोवळ्यातल्या अन्नाखेरीज ते तोंडात काही घालत नसत, म्हणून याच घरी राहत. तांब्या नेण्याचं त्यांनी कबूल केलं, पण पाऊस जोराचा असला की ते ओसरीवर उभे राहून म्हणत, महादेवावर आज वरूनच अभिषेक चाललाय, आपण आणखी काय घालणार? अंबरनाथला आषाढ-श्रावणात पाऊस जोराचा नसतो असे दिवस थोडे. अशा दिवशी काकू सगळ्यांना वाढत आणि स्वतः जेवत नसत. त्यांचं ताट खरकट्यात येत नाही हे घरात एकट्या विठाच्या लक्षात आलं, कारण भांडी ती घासायची. तिनं मालिनीला सांगितलं. मालिनी म्हणाली, त्यांचा काहीतरी उपास असेल.

मालिनी ही शरदचंद्राची बायको, माहेर दादरचं. काकूंना काही व्हावं असं तिला कधीच वाटलं नव्हतं. काकूंचं काही करावं लागेल, असंही तिच्या मनात कधी आलं नव्हतं. कठड्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र ती खरोखर फुलली. दादरला तिच्या मामांच्या जिन्याला बिडाची कमळं होती. त्या कमळांवर हात ठेवून तिनं लहानपणी फोटो काढून घेतला होता. आपल्याही दारात कमळं असावीत, असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

शरदचंद्राला कमळं नको होती. कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याला सरळ, उभ्या गजांचा करकरीत कठडा होता; त्याला तसा हवा होता. विष्णुपंतांना ॐ हवा होता. त्यावर मालिनीनं विचारलं की येणाराजाणारा ॐवर घामट हात ठेवेल ते चालेल का? मग विष्णुपंत स्वस्तिकावर आले. स्वस्तिकालाही हात लागेलच की, हे मालिनीनं दाखवून दिल्यावर ते पोथी बघायला आत गेले आणि दोन रविवार बाहेर आले नाहीत.

रविवारी बदलापूरहून शशिकांत येई. शरदचंद्राचा धाकटा भाऊ, तिथल्या शाळेत मास्तर, घर मांजर्लीला नदीच्या अंगाला. त्याचं म्हणणं फार सोपं होतं. कठडा हवाच कशाला? काकूंना मांजर्लीला न्यावं. सगळी सपाट जमीन, एक पायरी नाही.

"खरंय," मालिनी म्हणाली. "तुमच्याकडे नदी आली तरी सरळ माजघरात येते. तिलासुद्धा चढावं लागत नाही."

शशिकांत हसला. तो बायकोच्या सांगण्यावरून बोलत होता, म्हणून त्याला टोमणे लागत नसत. बायकोला, कुंदाला, पाचवा महिना लागला होता. पहिली दोन मुलं हाताशी न येता पायाशी येत होती. काकू आल्या तर चूल सुटेल, एवढाच तिचा हिशेब. तो तिनं कुणापासून लपवला नाही, म्हणून सगळ्यांना ती स्वार्थी वाटत होती. विष्णुपंतांनी मात्र मांजर्लीचं नाव निघताच पोथी मिटली आणि काकूंनी इथून हलू नये यावर शास्त्राचा आधार काढला. त्यांच्या ताटाची जागा कुठं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्या आधारात काकूंच्या महादेवाचा काही संबंध होता का, ते कुणी विचारलं नाही.

एका रविवारी काकूंनी माजघराच्या दारातून म्हटलं, "मी काय म्हणते, लोखंडाच्या ऐवजी..."

"काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मालिनी म्हणाली. "तुम्हाला आवडेल असाच आणू."

काकू आत गेल्या. त्यांना पुढचं काय म्हणायचं होतं ते ओसरीवर बसलेल्या कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. तेवढ्यात गजांचा विषय पुन्हा निघाला होता.

श्रावण सरता सरता शरदचंद्र, मालिनी नि विष्णुपंत टांगा करून उल्हासनगरला गेले. निर्वासितांचा कॅम्प म्हणून पडलेली वस्ती आता बाजार झाली होती. बराकींच्या पुढ्यात पत्रे टाकून माणसांनी दुकानं थाटली होती आणि जिथं तिथं लोखंडावर हातोडा पडत होता. हासानंद नावाच्या सिंधी कारखानदारानं आपल्या पत्र्याखाली जाळ्या, फाटकं, कठडे भिंतीला टेकवून ठेवले होते. आपल्याला मराठी येत नाही असं तो म्हणायचा, पण भाव पाडायला कुणी मराठीत बोललं की त्याला सगळं कळायचं.

"साईं, किसके लिये? दुकान, मंदिर, बंगला?"

"बंगला," शरदचंद्र म्हणाला.

हासानंदानं उभ्या गजांचा कठडा दाखवला. मग मालिनीकडे एकदा पाहिलं, साहेबांकडे एकदा, आणि उभे गज परत भिंतीला टेकवून त्यांच्या मागून कमळांचा कठडा ओढून काढला. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर उमललेलं कमळ, पाकळ्यांची टोकं वर वळलेली. ही पाकळी पकडणाऱ्याच्या तळव्यात घुसेल, हे त्या क्षणी कुणी पाहिलं नाही. मालिनीनं ते दोन्ही हातांनी धरून पाहिलं. शरदचंद्रानं घसा साफ केला आणि टिकाऊपणाचा विचार करता हेच बरं, असा निर्णय दिला. नवरा-बायकोचं एकमत झालं की शरदचंद्राचा आवाज असा घुमतो. रंग कोणता, यावर मात्र तासभर गेला. हिरवा देवळाचा, काळा इस्पितळाचा; अखेर चंदेरी ठरला.

विष्णुपंत या वेळात एका वेगळ्याच संकटात होते. हासानंदानं सरबत मागवलं होतं. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. मग चहा आला, तोही नको. त्यांनी उपरणं आवरून धरलं, लोखंडाच्या कुठल्या वस्तूला धोतर लागू नये म्हणून बाकाच्या अगदी कडेला बसले, एका कामगाराचा धक्का लागला तेव्हा आता घरी जाऊन आंघोळ करावी लागणार म्हणून मनात चरफडले. अखेर हासानंदानं सोड्याची बाटली पुढं केली. ती मात्र त्यांनी घेतली, कारण सोडा यंत्रातून येतो. अख्खी दुपार त्यांनी कशाला हात लागला नि कशाला नाही, याचाच विचार केला. समोर काय विकत घेतलं जात होतं, त्याचा तेवढा केला नाही.

गणपती-गौरी उरकल्या आणि हासानंदाची माणसं कठडा घेऊन आली. त्यांनी दगडात भोकं पाडली, खांब उभे केले, मुळाशी शिसं वितळवून ओतलं. कठडा कुठल्या बाजूला बसवायचा हे त्यांनी विचारलं, तेव्हा शरदचंद्र खाली वाटेवर जाऊन उभा राहिला, मागं सरला, मान तिरकी केली आणि वाटेवरून चांगला दिसेल ती बाजू दाखवली. कठडा बसला. ऊन पडलं तसा चकाकला. शेजारपाजारचे पाहून गेले. विठानं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि मग पदरानं कोरडा केला, कारण मालिनीनं तिला तसं बजावलं होतं.

काकू उंबऱ्यात बसून सगळं पाहत होत्या. उंबऱ्यात बसलं की माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. पण काकूंच्या विचाराची कुणाला चाहूल लागली नाही, त्यामुळे त्यात अडथळेही आले नाहीत.

पितृपक्ष लागला होता आणि अण्णांचं श्राद्ध तोंडावर होतं. शशिकांत नि कुंदा त्यासाठी आदल्या दिवशीच आली. सगळे जमलेच आहेत तर श्राद्धाच्या दिवशी पहाटे काकूंनी कठडा धरून उतरावं, म्हणजे पाहणं होईल, असं शरदचंद्रानं ठरवलं. विष्णुपंत म्हणाले, पितृपक्षात नव्या वस्तूचा मुहूर्त करत नाहीत. शरदचंद्र म्हणाला, मुहूर्त नाही, उद्घाटन आहे. उद्घाटनाला पोथीत काही मनाई सापडली नाही.

पहाटे सगळे वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले. रात्रीच्या सरीचं पाणी कमळांतून थेंब थेंब गळत होतं. विठा खाली पायऱ्यांच्या तोंडाशी खराटा घेऊन उभी होती. मालिनीनं शेजारणीला खिडकीतून पाहायला सांगून ठेवलं होतं.

काकू बाहेर आल्या. अंगावर धाबळी, हातात भरलेला तांब्या. कठडा उतरणाऱ्याच्या डाव्या अंगाला होता. त्यांनी डावा हात पोटाशी धरला आणि उजव्या कडेनं, जिथं शेवाळ होतं तिथं, पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.

"काकू, कठडा," शरदचंद्र म्हणाला. विसराळू माणसाला आठवण द्यावी तसं.

"दिसतोय रे."

"मग धरा ना."

"सोवळ्यात आहे मी."

एवढं शिकलेलं घर, त्यात एकालाही एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. दूधवाला, टपालवाला, गवळ्याची म्हैससुद्धा ज्याला अंग घासेल, त्या लोखंडाला सोवळ्यातलं माणूस हात लावणार कसं? आणि ज्या वेळी काकूंना पायऱ्या उतरायच्या असत, ती वेळ सोवळ्याचीच होती. बाकी दिवसभर त्या घरातच असत.

"पण तो स्वच्छ आहे, काकू," मालिनी म्हणाली. "विठानं कालच चांगला धुतला, पुसला, अगदी पदरानं."

काकूंनी खाली विठाकडे पाहिलं. विठा आपल्या हातांकडे पाहू लागली. मालिनीला आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला.

विष्णुपंत पुढं झाले. हा त्यांच्या अधिकाराचा प्रांत होता. गंगेचं पाणी शिंपडून शुद्धी करता येईल, असं त्यांनी सांगितलं. कुंदानं विचारलं, रोज? रोज लोकांचे हात लागणार, म्हणजे रोज पहाटे कुणीतरी आंघोळ करून, सोवळं नेसून, काकूंच्या आधी कठडा धुवायला हवा. विष्णुपंत म्हणाले, हो, तसं करावं लागेल. कुंदानं मालिनीकडे पाहिलं. मालिनी म्हणाली की तिला पहाटेचं पाणी सोसत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. गंगेचा विषय तिथं आटला.

शरदचंद्राला दुसरी युक्ती सुचली. दुसऱ्या बाजूला आणखी एक कठडा घालावा, फक्त काकूंसाठी, आणि त्यावर 'हात लावू नये' अशी पाटी.

कुंदानं तोंडाला पदर लावला. "दादा, हात लावायचा नाही तर कठडा म्हणायचं कशाला त्याला?"

"तू मध्ये बोलू नकोस," शशिकांत बायकोला म्हणाला, आणि स्वतः मध्ये बोलला. "म्हणूनच मी पहिल्यापासून सांगतोय. मांजर्लीला चला, काकू. आजच. श्राद्ध उरकलं की गाडी आहे."

"तिथं महादेव कुठाय?" काकूंनी विचारलं.

"आहे की, गावात लहानसं देऊळ आहे..."

"तिथं पावसात जायला होडी लागते," मालिनी म्हणाली. सकाळपासून तिनं एवढं एकच खरं वाक्य उच्चारलं होतं, आणि तेही आपल्या चुलीच्या भल्यासाठी. कुंदाला नदीची आठवण आली असावी.

विष्णुपंत मात्र वेगळाच हिशेब करत होते. श्राद्ध उरकलं की गाडी. म्हणजे संध्याकाळी आपल्या पाटापुढं कोण? मालिनीच्या हातचं, त्या कांदा-लसणाच्या तव्यावरचं? त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्यांना नेहमी आधार सापडतो. आत्ताही सापडला.

"वहिनी," ते म्हणाले, आणि आवाज कीर्तनाला शोभेल असा लागला. "शंकर हा भोळा सांब. तो स्मशानात राहतो, अंगाला राख फासतो, गळ्यात साप घालतो. त्याला कसलं आलंय सोवळं नि ओवळं? तो भाव पाहतो. तुम्ही खुशाल कठडा धरून जा. सोवळं मोडलं तरी दोष नाही. हे मी सांगतोय."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. इतकी सोपी गोष्ट होती तर. शरदचंद्र म्हणाला, काळ बदलला आहे, स्वराज्य आलंय, आता या गोष्टींत अडकून पडायचं नाही. मालिनी म्हणाली, दादरला तर आता कुणीच हे पाळत नाही. शशिकांतही मान हलवू लागला, कारण एवढ्या लोकांविरुद्ध त्याला कधीच उभं राहता आलं नव्हतं. एकट्या कुंदाची नजर काकूंच्या तोंडावर होती, आणि तिला तिथं असं काही दिसलं की तिनं हळूच दोन पावलं मागं घेतली. पाटा पडणार आहे हे कळल्यावर माणूस पाय काढून घेतो तशी.

"भावोजी, हे सगळ्यांसमोर सांगताय ना?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"शरद, तुझंही हेच म्हणणं?"

"अगदी हेच."

"मालिनी?"

"हो काकू. कशाला जिवाला त्रास करून घेता?"

देवळात जायला मिळावं म्हणून काय सोडायचं, ते काकूंनी उंबऱ्यात बसून ठरवलं होतं. तरी सोडताना हात जड झाला. सोवळ्यात त्यांना कुणी शिवत नसे. म्हणून कुणी ढकलत नसे, वरचा आवाज काढत नसे, मध्येच उठवून कामाला लावत नसे. विधवा झाल्यापासून तेवढं एक कुंपण त्यांच्या भोवती उभं होतं, आणि ते त्यांनी स्वतः, रोज पहाटे, थंडीवाऱ्यात उभं केलं होतं. त्यांनी मनात महादेवाला म्हटलं, तूच बघ रे आता. मग तांब्या नीट धरला, डावीकडे सरकल्या आणि डावा हात कमळावर ठेवला.

लोखंड गार होतं, ओलं होतं. पाकळीचं टोक तळव्याला टोचलं. त्यांनी हात काढला नाही. एक पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या. आधार पक्का होता. इतक्या भांडणांतून आलेल्या वस्तूच्या मानानं फारच पक्का.

वर विष्णुपंतांनी सुस्कारा सोडला. श्रेय आपलं आहे हे लोकांच्या ध्यानात यावं म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "लवकर या हं, वहिनी. ब्राह्मण वेळेवर येतील. वड्यांचं वाटायचंय, खीर व्हायचीय."

काकू वळल्या.

"वडे मी कसे करू, भावोजी? सोवळं मोडलं ना आता."

"अहो, ते देवळापुरतं..."

"महादेवाला चालतं ते पितरांना चालेलच की. पितर काही महादेवाहून मोठे नाहीत." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पण जेवायला ब्राह्मण बसायचेत. त्यांना विचारून घ्या. आणि तुम्हाला स्वतःला चालत असेल तर तसं सांगा, मी येऊन याच हातांनी करते."

त्यांनी तळवा वर करून दाखवला. पावसाळी हवेत नवा रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. तळवा चंदेरी झाला होता.

विष्णुपंतांनी त्या तळव्याकडे पाहिलं. आत्ताच भोळ्या शंकराचं एवढं सुंदर वर्णन केलेल्या माणसाच्या तोंडून एक 'चालेल' निघायला हरकत नव्हती. सगळे वाट पाहत होते. शरदचंद्र तर ओठ हलवून त्यांना तो शब्द सुचवत होता. विष्णुपंतांनी उपरणं सारखं केलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"मग झालं तर," काकू म्हणाल्या.

"काका," कुंदानं मागून अदबीनं विचारलं, "श्राद्धाला कर्त्याच्या बायकोच्या हातचा स्वयंपाक सगळ्यांत श्रेष्ठ, असं तुम्हीच सांगत होतात ना मागं?"

"तसं आहे खरं," विष्णुपंत म्हणाले. पोथीची गोष्ट विचारली की त्यांना उत्तर दिल्यावाचून राहवत नसे.

मालिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कमळांकडे पाहत होता. घरात सोवळ्याची धाबळी एकच, ती काकूंच्या अंगावर होती आणि आता तीही गेल्यातच जमा. म्हणजे ओलेत्यानं करायचं. भाद्रपदातल्या पहाटे, ओलं पातळ नेसून, दोन ब्राह्मणांचा आणि एवढ्या घराचा.

"कुंदा, तू तरी..."

"मला सहावा महिना, वहिनी. ओलेत्यानं बसले तर तुम्हीच रागवाल." कुंदाच्या डोळ्यांत इतकी काळजी होती की ती खरी असावी असा एखाद्याला भास झाला असता.

शरदचंद्राला अखेर कंठ फुटला. "काकू, आजचा दिवस कसंतरी निभावू. पण उद्या? उद्यापासून तरी..."

"उद्याही कठडा इथंच असेल ना, बाळ?" काकू म्हणाल्या.

कारखान्यात असा प्रश्न कुणी विचारला तर शरदचंद्र तो वरच्या साहेबाकडे पाठवून देतो. इथं वर कुणी नव्हतं.

काकू उतरू लागल्या. खाली विठा नेहमीच्या सवयीनं खराटा घेऊन बाजूला, पार निवडुंगापाशी सरली. काकूंवर आपली सावली पडू नये म्हणून.

"सरू नकोस गं," काकू म्हणाल्या. "शेवटची पायरी उंच आहे. हात दे."

विठानं आधी वर पाहिलं, मालकांकडे. मग हात पदराला पुसला आणि पुढं केला. "पाय सांबालून टाका, आजीबाय," ती म्हणाली, आणि काकूंना वाटेवर उतरवून घेतलं. शेजारणीची खिडकी उघडीच होती. उद्घाटन व्हायचं तसं झालं.

वर न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि लगेच मालिनीचा, गारठ्यानं चिरकलेला. शरदचंद्र कुणाला तरी काहीतरी आणायला सांगत होता. उडदाची डाळ वाटायची कुणी यावर विचार सुरू झाला होता, म्हणजे आता उन्हं डोक्यावर येईतो वाट पाहायला हरकत नव्हती.

काकूंनी मागं पाहिलं नाही. चिंचेखालच्या चिखलातून जपून पावलं टाकत त्या देवळाच्या दिशेनं निघाल्या. तिथं गाभारा खाली आहे. त्याच्या पायऱ्या अंधाऱ्या, ओल्या, आणि त्यांना कठडा नाही. तिथं सावकाश उतरावं लागतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काकूंना परतायची घाई नव्हती.